ताईने घर विकायला काढलं तेव्हा

माझी थोरली बहीण आयुष्यभर हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर बसली. निम्म्या शहराने तिला कधी पाहिलेलं नाही, पण तिचा आवाज सगळ्यांच्या ओळखीचा. दुकानात तिने नुसतं "ताजे आहेत का हो टोमॅटो?" असं विचारलं तरी शेजारची बाई वळून बघायची आणि म्हणायची, "तुम्ही हॉस्पिटलमधल्या का?" निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी तिला भेट दिली तीही टेलिफोनचीच. "जन्मभर जे कानाला लावलं तेच घरी पाठवलं मेल्यांनी," असं म्हणून ती पोट धरून हसली होती. लग्न का केलं नाही असं कोणी विचारलं तर तिचं उत्तर ठरलेलं असे: "लाइन बिझी होती."

लाइन बिझी असण्याचं कारण म्हणजे आमचे बाबा.

बाबा शहराच्या बसवर ड्रायव्हर होते. साखरेने त्यांचे डोळे हळूहळू नेले. आधी समोरून येणाऱ्या गाडीचा नंबर गेला, मग रस्त्याची कड, शेवटी आमचे चेहरे. आई त्याच्या आधीच गेली होती आणि मी नोकरीसाठी दुसऱ्या शहरात होतो. तेव्हापासून त्या घरात बाप आणि लेक अशी दोनच माणसं राहिली. बाबांनी आंधळेपणाचं रडगाणं कधी गायलं नाही. मी एकदा काठी घेऊन गेलो तर म्हणाले, "स्वतःच्या घरात काठी? मी काय चोर पकडायला निघालोय?" त्यांचा पलंग म्हणजे डेपो, स्वयंपाकघरातलं टेबल म्हणजे चौक आणि पुढच्या खोलीत खिडकीजवळची वेताची खुर्ची म्हणजे शेवटचा स्टॉप. उठले की "डेपोतून गाडी सुटली" असं मोठ्याने जाहीर करायचे आणि उजवा हात पॅसेजच्या भिंतीला टेकवून चालू लागायचे.

त्यातून घराची एक शिस्त तयार झाली. कोणतीही वस्तू जागची हलवायची नाही. दार एकतर पूर्ण उघडं, नाहीतर पूर्ण बंद, कारण न दिसणाऱ्याला अर्धवट दारासारखा दुसरा वैरी नाही. आणि खोलीत शिरताना आवाज द्यायचा, "मी आले, दारात आहे." निघताना "मी चालले" म्हणायचं, म्हणजे मागे बाबा एकटेच बोलत बसणार नाहीत. कोणी न सांगता आत आलं तर बाबा ओरडायचे, "हॉर्न द्या की राव!" ही सवय मलाही इतकी लागली की माझी बायको म्हणते, "तुम्ही आपल्या घरात मोकळ्या खोलीचीसुद्धा परवानगी मागता." दिव्यांचंही तसंच. बाबांना उजेडाचा उपयोग नव्हता, आणि ताई अंधारात इतकी सहज वावरायची की तिन्हीसांजेला त्या घरात दिवा लावायचं कोणाच्या लक्षातच यायचं नाही.

मागच्या वर्षी बाबा गेले. त्यानंतर थोड्याच दिवसांत ताईच्या गुडघ्यांनी संप पुकारला. घर तिसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही. खाली उतरली की परत चढताना ती प्रत्येक वळणावर बसायची. पुढेपुढे तिने उतरणंच सोडलं. सामानाची पिशवी दोरीला बांधून खिडकीतून वर ओढायची. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, "आणखी एक वर्ष इथे काढलं तर यांना खाली आणायला चार माणसं लागतील." माझ्या घराजवळ तळमजल्यावर एक छोटं घर मिळत होतं. हे विकायचं, ते घ्यायचं, असा सरळ मामला. तिथला मालक महिनाअखेरपर्यंत थांबायला कबूल झाला होता. ताईही हो म्हणाली होती. हो म्हणायला तिने जरासुद्धा वेळ लावला नाही.

पण घर विकलं जाईना.

एक दिवस एजंटबाईंचा फोन आला. "साहेब, तुमच्या बहिणीने दुसरंही गिऱ्हाईक पळवलं. तुम्ही स्वतः या, नाहीतर माझा नाद सोडा."

"काय केलं तिने?"

"पहिल्या वेळी बेडरूम दाखवताना रिकाम्या खोलीला म्हणाल्या, 'मी आले, दारात आहे, पाहुणे आहेत.' त्या बाईंनी विचारलं, 'आत कोण आहे?' तर म्हणाल्या, 'बाबा.' बाई बिचाऱ्या चपला काढून हळूच विचारतायत, 'आजारी आहेत का?' तर या म्हणतात, 'नाही, गेले.' मी त्या बाईंना जिन्यात गाठेपर्यंत त्या खाली पोचल्या होत्या."

"आणि दुसरं?"

"एका गृहस्थांनी दार अर्धं लोटलं, तर त्यांच्या अंगावर खेकसल्या. 'लागेल ना कुणाला तरी!' घरात आम्ही तिघंच, साहेब. कुणाला लागणार होतं?"

मी साठवून ठेवलेली रजा काढली आणि गेलो.

मी पोचलो त्याच दिवशी दुपारी एजंटबाई आल्या. तरतरीत, पायात खेळाडूंचे बूट, जिने चढूनही दम लागलेला नाही. ताईकडे पाहून म्हणाल्या, "ताई, आता मी सांगते तसं करायचं हं. घर मोठं दिसलं पाहिजे."

"आहे तेवढंच दिसेल," ताई म्हणाली.

"तिथेच तर माझं काम सुरू होतं." त्या खोलीच्या मधोमध उभ्या राहून चहूकडे बघायला लागल्या. "पलंग भिंतीला लावा. ही खुर्ची खिडकीतून काढा. खिडकी मोकळी दिसली की खोली दुप्पट वाटते. खुर्ची त्या कोपऱ्यात. स्वयंपाकघरातलं टेबल बाहेर, पॅसेजच्या तोंडाशी, वर फुलदाणी. कपाटं निम्मी रिकामी करा, लोक उघडून बघतात. आणि घरच्यांचे फोटो उतरवा. घेणाऱ्याला हे आपलं घर वाटलं पाहिजे, तुमचं नाही."

"म्हणजे आम्ही आधीच निघून गेल्यासारखं."

"अगदी बरोबर बोललात, ताई!"

"आणि तोपर्यंत राहायचं कुठे?"

"इथेच. पण न राहिल्यासारखं."

 मी आणि एजंटबाईंनी मिळून पलंग ढकलला, टेबल बाहेर काढलं, खुर्ची कोपऱ्यात नेली. खुर्चीच्या चार पायांखाली फरशीवर चार फिकट ठिपके उघडे पडले. ताईने ओलं फडकं आणलं आणि खाली वाकता येत नाही म्हणून फडकं पायाखाली धरून ती ते ठिपके घासत राहिली. ते निघणारे नव्हते. तिथली फरशीच वेगळ्या रंगाची झाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन पुढच्या खोलीत आलो तर खुर्ची खिडकीशी. ताईचं काम, असं समजून मी काही न बोलता ती परत कोपऱ्यात नेली. संध्याकाळी पुन्हा खिडकीशी. आता मात्र मला राग आला.

"ताई, हा पोरखेळ पुरे. खुर्ची का हलवतेस?"

"मी?" ती स्वयंपाकघरातूनच म्हणाली. "धाकट्या, खुर्ची ओढायची ताकद या गुडघ्यांत असती तर हे घर विकायला काढलं असतं का?"

"मग चालत गेली का ती?"

"तूच नेलीस. मघाशी ऑफिसचा फोन आला तेव्हा बोलता बोलता तिकडे गेलास आणि पायाने सरकवत सरकवत जागेवर लावलीस. मी बघत होते. वर हातही फिरवलास, नीट लागली का म्हणून."

मला आधी खोटं वाटलं. मग हळूहळू आठवलं, फोन कानाशी होता आणि तळपायाला वेताचं गार टोक लागत होतं.

"बरं, संध्याकाळची मी," मी म्हणालो. "सकाळची कोणी नेली?"

ताईने पदराला हात पुसले. "सकाळचं मला माहीत नाही."

 मी खुर्ची उचलली आणि कोपऱ्यात नेऊन ठेवली. उचलताना ती मला नेहमीपेक्षा जड वाटली. पण माझंही वय झालंय.

त्याच आठवड्यात रंगारी आला. शांत माणूस, कानाला पेन्सिल. खिळ्यांच्या भोकांत त्याने पुट्टी भरली, घासली, आणि पुढच्या खोलीला फिकट पिवळा रंग दिला. पॅसेजमध्ये मात्र तो घुटमळला. बाबांच्या हाताची रेघ तिथे होती. कमरेच्या थोडी वर, हाताच्या पंजाएवढी रुंद, तपकिरी, तेलकट. बेडरूमच्या दारापासून निघालेली, स्वयंपाकघराच्या चौकटीशी तुटलेली, पुन्हा सुरू होऊन पुढच्या खोलीत वळलेली. दिव्याखाली पाहिली की ती चकाकायची. इतकी वर्षं मी ती पाहत होतो, पण भिंतीवरचा डाग म्हणून तिच्याकडे कधी पाहिलं नव्हतं.

रंगाऱ्याने तिच्यावर दोन हात मारले. संध्याकाळी भिंत नवीकोरी झाली. सकाळी पाहतो तर पिवळ्या रंगातून रेघ वर आलेली. अंधूक, पण अखंड.

मी रंगाऱ्याला बोलावून घेतलं. त्याने रेघेवर अंगठा फिरवला, वास घेतला. "साहेब, भूतबीत काही नाही. हाताचं तेल आहे. भिंतीने वर्षानुवर्षं प्यायलंय, आता ओकतेय."

"भूत असं कोण म्हणालं?"

"तुमच्या तोंडावर लिहिलंय की." तो हसला. "धुवून काढावं लागेल. सोड्याच्या पाण्याने घासून, वाळवून, मग डाग अडवणारा प्रायमरचा हात द्यायचा. आधीच करायला हवं होतं. चूक माझी, जादा काही मागत नाही."

"धुणार?" मागून ताईने विचारलं. ती केव्हा येऊन उभी राहिली होती कळलं नव्हतं. आवाज न देता आलेली ताई मी त्या घरात पहिल्यांदाच पाहिली.

"धुवावंच लागेल, ताई."

"धुवा मग," ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. रंगारी ब्रशने भिंत घासत होता तेवढा वेळ आतून नळाचा आवाज येत होता. मी डोकावलो तर मोरीत एकही भांडं नव्हतं. पाणी वाहत होतं आणि ती नळाच्या तोटीवर हात ठेवून उभी होती.

पुढचं गिऱ्हाईक ठरलं. एजंटबाईंनी मला फोनवर बजावलं, "हे शेवटचं समजा. हे गेलं तर महिना संपला, आणि तिकडचं तळमजल्याचं घरही गेलं. आणि ताईंना एवढंच सांगा, कृपा करून रिकाम्या खोलीशी बोलू नका."

मी निरोप पोचवला. ताई शांतपणे म्हणाली, "रिकाम्या खोलीशी मी कधीच बोललेली नाही."

त्याच दिवशी तिन्हीसांजेला ती पडली. तशी फार नाही. अंधारातच बेडरूममधून निघाली, पॅसेजच्या तोंडाशी आली आणि जिथे कधीच काही नव्हतं तिथल्या टेबलाच्या कडेवर तिची नडगी आपटली. फुलदाणी खाली पडून फुटली. मी धावत जाऊन दिवा लावला. ती फरशीवर बसली होती. नडगीवर रक्ताची बारीक रेघ होती, पण ती पायाकडे पाहत नव्हती, टेबलाकडे पाहत होती.

"लागलं का गं फार?"

"मला नाही." तिचा आवाज चिरका झाला होता. "बाबांना लागलं असतं."

मी तिच्याजवळ खाली बसलो. "ताई, बाबा नाहीत."

"मला माहीत आहे, धाकट्या. मी काय वेडी आहे? हॉस्पिटलमधून तुला फोन मीच केला होता." तिने टेबलाच्या कडेवर हात ठेवला. "पण त्यांना कुणी सांगितलंय?"

मी फुलदाणीचे तुकडे गोळा करू लागलो.

"ते इथून गेले तेव्हा चांगले बोलत होते. स्ट्रेचरवर होते, दारात माणसांना थांबवून म्हणाले, 'आमची खुर्ची हलवू नकोस. आल्यावर मी शोधत बसणार नाही.' मी म्हटलं, 'नाही हलवत, उद्या परवा येऊच आपण.' मग तिकडे नळ्या लागल्या, ते काही बोललेच नाहीत. म्हणजे त्यांना मी सांगितलेलं शेवटचं तेच आहे. येऊ आपण, सगळं जागेवर असेल." तिने फुलदाणीचा एक तुकडा उचलून माझ्या हातात दिला. "आता ते आले असतील तर काय वाटत असेल त्यांना? पलंग नाही, टेबल आडवं, भिंत गुळगुळीत. आपण चुकीच्या घरात शिरलो असंच वाटत असेल."

मी आयुष्यभर हिशेब तपासले. दोन्ही बाजू जुळेपर्यंत खुर्चीवरून उठायचं नाही, अशी माझी नोकरी. त्या संध्याकाळी मात्र ताईच्या बोलण्यात मला एकही चूक दाखवता आली नाही. मी तिच्या नडगीला मलम लावलं आणि म्हणालो, "फ्रिज आला होता तेव्हा आपण काय केलं होतं?"

तिने वर पाहिलं.

फ्रिज नवा आला तेव्हा तो ठेवायला कपाट हलवावं लागलं होतं. बाबा चिडून बसले होते. मग ताईने त्यांना आपल्या कोपराला धरायला लावलं आणि नवी वाट चालवून दाखवली. त्यांनी फ्रिजच्या चारही कडा चाचपल्या, दाराचं हँडल पाहिलं, मग स्वतःच जाहीर केलं, "रूट बदललाय. प्रवाशांनी नोंद घ्यावी." त्यानंतर एकदाही ते फ्रिजला आपटले नाहीत. घरात काहीही हललं की असंच दाखवायचं, ही रीतच पडली होती. या वेळी आम्ही सगळं घर हलवलं आणि कोणालाच दाखवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, लख्ख उजेडात, ताई बेडरूममध्ये पलंगाशी जाऊन उभी राहिली. डावा कोपर तिने शरीरापासून जरा बाहेर काढला, कोणीतरी धरावा तसा. मला म्हणाली, "तू पुढे हो. दारं पूर्ण उघड."

मी पुढे झालो. हसू येईल अशी मला भीती होती. आलं नाही.

"बाबा, पलंग आता भिंतीला आहे," ती म्हणाली. हा तिचा बोर्डावरचा आवाज होता. स्वच्छ, घाई नसलेला, पलीकडच्याला एकही शब्द पुन्हा विचारावा लागू नये असा. "उतरताना डाव्या बाजूने. इथे चौकट. भिंतीला रंग दिलाय, हाताला नवीन लागेल, पण भिंत तीच आहे. आता थांबा. हे टेबल. चौकातलंच आहे, इथे आणलंय. कड बघून घ्या." ती थांबली. चाचपायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ थांबली. त्या शांततेत मला माझ्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. "झालं? चला. खुर्ची खिडकीत नाही. कोपऱ्यात आहे, या बाजूला. इथून ऊन येणार नाही पायावर, पण थोडेच दिवस."

कोपऱ्यात पोचल्यावर ती खुर्चीशेजारी उभी राहिली आणि तिने कोपर हळूच खाली सोडला. मी खुर्चीकडे पाहिलं नाही. वेत करकरतो, विशेषतः उन्हाळ्यात. त्या दिवशी करकरला की नाही ते मी सांगणार नाही, कारण मला खात्री नाही.

पण त्यानंतर खुर्ची कोपऱ्यातच राहिली. सकाळीही आणि संध्याकाळीही. पॅसेजमध्येही रेघ पुन्हा वर आली नाही.

गिऱ्हाईक आलं ते तरुण जोडपं होतं. तो मोजमापाची टेप घेऊन आलेला, ती प्रत्येक नळ सोडून बघणारी. एजंटबाई तोंडभर हसत होत्या आणि मधूनमधून ताईकडे डोळे वटारत होत्या. ताई स्वयंपाकघरात स्टुलावर बसली होती, हात मांडीवर घट्ट धरून. त्या मुलीने बाथरूमचं दार अर्धं सोडलं. ताईची बोटं हलली, पण ती बसून राहिली. मुलगा कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून पाहू लागला. तरी ताई बसून राहिली. मला वाटलं, जमलं.

मग मी त्यांना बेडरूम दाखवायला पुढे झालो, दार उघडलं आणि आत पाऊल टाकता टाकता म्हणालो, "मी आलो, दारात आहे. सोबत दोन माणसं आहेत."

माझ्याच तोंडून निघालं ते. माझ्या पाठीमागे पावलं थांबली. एजंटबाईंचा चेहरा भिंतीच्या रंगाचा झाला. मुलीने आत डोकावून पाहिलं, पलंग पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. "कोणाला सांगताय काका?"

 तळमजल्याचं घर, महिनाअखेर, ताईचे गुडघे, सगळं डोळ्यांसमोरून गेलं.

"मला सांगतोय तो," स्वयंपाकघरातून आवाज आला. मोकळा, हसरा, जराही न अडखळलेला. "माझी नजर अधू आहे ना बाळा. या घरात न दिसणारी मी एकटीच. म्हणून त्याला सवय लागलीय, कुठेही गेला तरी मला सांगत जातो. या, इकडून या, खिडकी बघा. उजेड फार छान आहे, असं सगळे म्हणतात."

मुलीचा चेहरा एकदम मऊ झाला. ती स्वयंपाकघरात गेली, ताईच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "मग तुम्हाला तर सगळं घर पाठ असेल."

"हो तर," ताई म्हणाली. ती नेमकी मुलीच्या चेहऱ्याच्या जरा बाजूला बघत होती. न दिसणारी माणसं बघतात तसं.

त्यांनी तिथेच हो म्हटलं. एजंटबाईंनी जिन्यातून जाताना मला कोपरखळी मारली. "तुमच्या बहिणीला नाटकात पाठवा हो! आणि तुम्हाला कुठेच पाठवू नका."

मी आनंदात वर आलो तर ताई स्टुलावरून उठली नव्हती.

"ताई, झालं गं! सुटलो!"

"मी त्यांच्यासमोर बोलले ते," ती म्हणाली.

"कोणासमोर?"

"न दिसणारी मी एकटीच, असं म्हणाले. आत बसलेल्या माणसाच्या तोंडावर. कोणी नाहीच आहे, असं." तिने बेडरूमच्या दाराकडे पाहिलं. मला भीती वाटली की ती आता एजंटबाईंना फोन करायला लावणार, नाही म्हणणार, आणि सगळं मुसळ केरात जाणार. मी तळमजल्याच्या घराबद्दल बोलू लागलो, तिथली फरशी, दारातून थेट अंगण, औषधाचं दुकान दोन पावलांवर. तिने हात वर करून मला थांबवलं.

"मी जाणार आहे रे. कितीदा समजावशील? मला फक्त ठरवता येत नव्हतं. इथे पाठ आहे त्यांना सगळं. तिकडे नेलं तर बिचारे भिंतीभिंतीला आपटतील. म्हणून म्हटलं होतं, राहू देऊ इथेच. आपल्या रुळलेल्या वाटेवर." तिने चष्मा काढून पुसला. "पण आता कसं ठेवू? आत्ताच तर मी त्यांचं नाव कापलं. ती पोरं येतील, कोणाला काही माहीत नसेल, कोणी आवाज देणार नाही."

"मग?"

"मग तिकडे नव्याने शिकवीन. मला तरी कुठे पाठ आहे ते घर?"

निघायच्या सकाळी हमाल सामान घेऊन आधी खाली गेले. रिकाम्या खोल्यांत आमचे आवाज मोठे वाटत होते, म्हणून आम्ही कमी बोललो. ताईने पायांत बूट घातले, पदर कमरेला खोचला आणि दारात उभी राहिली. कितीतरी महिन्यांनी ती जिना उतरणार होती. मी हात पुढे केला.

"तू मागून ये," ती म्हणाली. "मला उजव्या हाताने कठडा धरायचाय. डावा मोकळा नाही."

आणि तिने डावा कोपर बाहेर काढला.

आम्ही फार सावकाश उतरलो. प्रत्येक पायरीवर ती आधी एक पाय ठेवायची, मग दुसरा, मग थांबायची, आणि त्यानंतरही क्षणभर थांबायची. "वळण," ती म्हणायची. "आता सरळ. ही झिजलेली पायरी आहे, सांभाळून." तिचं कपाळ घामाने भिजलं होतं, गुडघे करकर वाजत होते, पण आवाज तसाच, बोर्डावरचा. मी दोन पायऱ्या मागे होतो. मध्ये पाय टाकायला मला जागा होती, तरी मी टाकला नाही. पहिल्या मजल्यावरचे शेजारी पिशव्या घेऊन वर येत होते. ताईला पाहून ते भिंतीला चिकटून उभे राहिले. एकीला जितकी जागा लागते त्यापेक्षा जरा जास्तच सोडून. का सोडली, ते त्यांना विचारलं असतं तर त्यांनाही सांगता आलं नसतं.

खाली टॅक्सी उभी होती. ताईने मागचं दार स्वतः उघडलं, पूर्ण उघडलं, आणि ते धरून उभी राहिली. मग दार लावून घेऊन ती पुढे ड्रायव्हरशेजारी जाऊन बसली. मी दुसऱ्या बाजूने मागे शिरलो आणि खिडकीला अंग लावून, कडेला सरकून बसलो.

ड्रायव्हरने आरशात पाहिलं. मी असा आखडून का बसलोय ते त्याला कळलं नसावं. "अजून कोणी यायचंय का?" त्याने विचारलं.

"नाही," ताई म्हणाली. "सगळे बसले. सोडा गाडी."